आठ सिलिंडर, नऊ वायरी

डेट्रॉइट शहरातून निघून वायव्येला पॉन्टिॲक गावाकडे जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू १९६० च्या दशकात रात्री उशिरापर्यंत जागा असे. सिग्नलला दोन गाड्या शेजारी शेजारी थांबत, दिवा हिरवा झाला की पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यत. १९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले आणि त्या गाडीला जीटीओ नाव दिले. मसल कार हा प्रकार तिथून रुजला असे बहुतेक जाणकार मानतात. १९९५ पासून त्याच रस्त्यावर दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते आणि त्या काळातल्या गाड्या पुन्हा रांगेने धावतात. तिथल्या वाहन उद्योगात काम करणाऱ्या मराठी मंडळींनाही हा सोहळा ओळखीचा आहे.

या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. रंग, क्रोम, सीटची कव्हरे यांवर मालक भरपूर खर्च करतात. प्लगच्या वायरींकडे मात्र गाडी मिस मारायला लागेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही, आणि बदलायची वेळ आली की दुकानातली सर्वांत जाड, सर्वांत लाल वायर उचलली जाते. या प्रकरणात त्या निवडीचाच विचार करू. उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ : १९६९ ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६. हिचे इंजिन ३९६ घनइंचांचे, सुमारे साडेसहा लिटरचे, आणि त्याच्या सर्वांत सौम्य आवृत्तीची ताकद कंपनीने ३२५ हॉर्सपॉवर सांगितली होती.

हिचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या मागच्या टोकाला डिस्ट्रिब्युटरची कॅप दिसते. कॅपच्या मध्यातून एक वायर कॉइलकडे जाते आणि कडेच्या आठ खोबणींतून आठ वायरी आठ प्लगांकडे. अशा एकूण नऊ. रचना मूळची चार्ल्स केटरिंग यांची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये त्यांच्या डेल्को कंपनीचे बॅटरी-कॉइलवर चालणारे इग्निशन आले आणि तेच तत्त्व पुढे साठ वर्षे जगभर चालले. आपल्याकडे कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही हेच होते, फक्त तिथे चार सिलिंडर आणि पाच वायरी. डिस्ट्रिब्युटरमधले सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत वीसेक हजार व्होल्टपर्यंतचा विद्युतदाब तयार होऊ शकतो. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर तो विद्युतदाब ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या वायरीत सोडतो. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर व्ही-८ ला मिनिटाला २०,००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला तीनशेहून जास्त. प्रत्येक प्लगच्या वायरीला त्यांतल्या एक अष्टमांशच वाहाव्या लागतात. कॉइलच्या वायरीतून मात्र सगळ्याच जातात. नवा संच घेताना ही नववी वायर अनेकदा विसरली जाते, आणि जुनी तशीच राहिली तर तिच्यातला दोष आठही सिलिंडरांना भोवतो.

ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील हे कॉइल ठरवत नाही. ते प्लगच्या टोकांमधले अंतर आणि सिलिंडरमधला दाब ठरवतात. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली वायूचा दाब, टोकांमधले अंतर आणि ठिणगीला लागणारे व्होल्ट यांचे नाते मांडले. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, दाब कमी असतो आणि थोड्या व्होल्टवर काम भागते. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो आणि ठिणगीला दुप्पट, कधी त्याहूनही जास्त व्होल्ट लागतात. विजेला तेवढ्यात दुसरी सोपी वाट मिळाली, म्हणजे वायरीच्या आवरणाला पडलेली बारीक चीर किंवा शेजारचा लोखंडी ब्रॅकेट, तर ती तिकडे वळते. म्हणूनच वायरी खराब झालेली गाडी उभी असताना शांत चालते आणि जोर लागला की आचके देते. पिकअप गेला म्हणून कार्ब्युरेटर खोलण्याआधी वायरी तपासाव्यात, हा माझा आग्रह आहे. कार्ब्युरेटर विनाकारण खोलला गेला की त्याचे सेटिंग बिघडते आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

यातूनच निवडीचा पाया मिळतो. वायर इंजिनाला ताकद देत नाही. कॉइलने जे निर्माण केले ते प्लगपर्यंत न सांडता पोचवणे, एवढेच तिचे काम. ‘आमच्या वायरींनी हॉर्सपॉवर वाढते’ असे खोक्यावर छापलेले असेल तर त्यात एवढेच तथ्य आहे की जुन्या वायरी गळक्या होत्या आणि गेलेली ताकद परत आली. धडधाकट वायरी काढून महागड्या बसवल्या, तर डायनोवर दाखवण्यासारखे काही हाती लागत नाही.

निवडीत पहिला प्रश्न वायरीच्या गाभ्याचा, आणि खरा वादही इथेच आहे. गाभे तीन प्रकारचे. पहिला सरळ धातूचा, तांब्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचा. दुसरा कार्बनचा : काचतंतूंचा दोरा आणि त्यावर वीजवाहक कार्बनचा लेप. तिसरा सर्पिल : मधल्या दोऱ्याभोवती अगदी बारीक धातूची तार स्प्रिंगसारखी जवळजवळ गुंडाळलेली. धातूच्या गाभ्याचा रोध जवळजवळ शून्य, कार्बनचा फुटाला साधारण ३ हजारांपासून १२ हजार ओहमपर्यंत, सर्पिलचा फुटाला काही डझनांपासून काही शे ओहमपर्यंत.

आकडे बघून कुणालाही वाटेल की शून्य रोधाची वायर सर्वांत चांगली. हिशेब वेगळे सांगतो. ठिणगी पडण्याच्या क्षणापर्यंत वायरीतून जवळजवळ काहीच प्रवाह जात नसतो, कारण पुढे प्लगची फट उघडी असते. प्रवाह नाही तर रोधामुळे व्होल्ट घटण्याचाही प्रश्न नाही. कॉइलचे व्होल्ट जवळपास जसेच्या तसे प्लगच्या टोकाशी पोचतात. ठिणगी पडल्यावर प्रवाह सुरू होतो, पण तो मिलिॲम्पिअरमध्ये मोजण्याइतका लहान असतो. ५० मिलिॲम्पिअर धरा आणि वायरीचा रोध १० हजार ओहम धरा, तर त्या वायरीत ५०० व्होल्ट पडतात. थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते हे खरे, पण पेट्रोल-हवेचे मिश्रण ठीक असेल तर तोवर ज्योत लागलेली असते.

मग रोध मुद्दाम का ठेवला? रेडिओसाठी. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकात कार्ल्सरुहे इथे विद्युतचुंबकीय लहरी पहिल्यांदा सिद्ध केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने. प्रत्येक ठिणगी लहरी सोडते आणि तिला जोडलेली धातूची वायर अँटेनाचे काम करते. सेकंदाला शेकडो ठिणग्या म्हणजे गाडीतल्या एएम रेडिओवर अखंड कर्कश आवाज, आणि रस्त्याकडेच्या घरांतल्या टीव्हीवरही रेघा. म्हणून अमेरिकन कंपन्यांनी कार्बन गाभ्याच्या वायरी स्वीकारल्या. कार्बनचा रोध त्या लहरी वायरीतच जिरवतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांना वायरी पुरवणारी पॅकार्ड इलेक्ट्रिक ही ओहायो राज्यातल्या वॉरन गावची कंपनी. १८९० साली ती ज्या पॅकार्ड बंधूंनी काढली त्यांनीच पुढे पॅकार्ड मोटारी बनवल्या, आणि १९३२ मध्ये जनरल मोटर्सने ही वायरींची कंपनी विकत घेतली. तिच्या वायरींवर टीव्ही-रेडिओ सप्रेशन अशा अर्थाची अक्षरे छापलेली असत.

शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेटची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. पत्र्याचे बॉनेट इंजिनातून निघणाऱ्या लहरी बरेचसे अडवते, फायबरग्लास अडवत नाही. त्यामुळे कॉर्व्हेटमध्ये डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर चकचकीत धातूची आवरणे बसवलेली असत. बघणाऱ्याला ती शोभेची वाटतात, पण होती ती रेडिओसाठी. एखाद्या गिऱ्हाइकाने गाडी रेडिओशिवाय मागवली, तर कारखाना ही आवरणे बसवतच नसे. आज जुनी कॉर्व्हेट पारखणारे लोक रेडिओ आणि आवरणे यांचा मेळ बसतो का हे हमखास पाहतात.

आता रेडिओ कुणी ऐकत नाही, मग धातूच्या गाभ्याच्या वायरी घातल्या तर काय बिघडले? सीबी पॉइंट असलेल्या गाडीत इंजिनाचे काही बिघडत नाही. पण आज फारच थोड्या मसल कार पॉइंटवर राहिल्या आहेत. बहुतेकांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल आलेले असते, काहींना वेगळा इग्निशन बॉक्स जोडलेला असतो, तर काहींवर कार्ब्युरेटर काढून संगणकावर चालणारे फ्युएल इंजेक्शन बसवलेले असते. धातूच्या वायरींतून निघणारा विद्युत गोंगाट या इलेक्ट्रॉनिक्सला खोटे संकेत देतो. ठिणगी भलत्या वेळी पडते, टॅकोमीटरचा काटा उड्या मारतो, इंजेक्शनचा संगणक गोंधळतो. अशा किटचे उत्पादक धातूचा गाभा वापरू नका असे स्पष्ट बजावतात. ते ऐकावे. धातूच्या वायरी मॅग्नेटोवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीत शोभतात. रस्त्यावरच्या गाडीत नाही.

राहता राहिले कार्बन आणि सर्पिल. कार्बनची वायर स्वस्त, मूळ गाडीशी इमान राखणारी आणि पॉइंटच्या इग्निशनला पुरेशी. तिचा दोष असा की कार्बनचा दोरा नाजूक असतो. प्लग काढताना वायर धरून हिसका दिला की आतला दोरा तुटतो, तुटलेल्या जागी आतल्या आत ठिणगी पडत राहते आणि जागा जळत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून टोकाची रबरी टोपी धरून आधी थोडी पिळावी आणि मगच ओढावी. सर्पिल वायरीत गोंगाट अडवण्याचे काम रोधापेक्षा वेटोळेच जास्त करते, ओढाताण ती अधिक सोसते आणि जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनबरोबर जास्त वर्षे टिकते. गाडी नियमित चालवायची असेल तर माझे मत सर्पिलच्या बाजूने आहे.

जाडीबद्दल फार गैरसमज आहेत. ७, ८, साडेआठ मिलिमीटर हे आकडे आवरणासकट वायरीची बाहेरची जाडी सांगतात. आतला वाहक किती मोठा आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. १९६९ च्या शेव्हेलला कारखान्यातून ७ मिलिमीटरच्या वायरी होत्या आणि वीसेक हजार व्होल्टसाठी त्या पुरेशा होत्या. १९७० च्या दशकाच्या मध्यात जनरल मोटर्सने हाय एनर्जी इग्निशन, म्हणजे एचईआय, आणले. त्याचे व्होल्ट बरेच जास्त, म्हणून आवरण जाड केले आणि ८ मिलिमीटरची वायर आली. तेव्हा इग्निशन मूळचे असेल तर ७ किंवा ८ घ्या, एचईआय किंवा तत्सम असेल तर ८ किंवा साडेआठ. त्यापुढची जाडी घेतली तर वायर मूळच्या क्लिपांत बसत नाही. ती बळजबरीने कोंबली तर आवरण चेपते, आणि ज्या सुरक्षिततेसाठी पैसे मोजले तीच जाते.

आवरण कशाचे आहे, हे जाडीपेक्षा महत्त्वाचे. उच्च व्होल्टच्या वायरीभोवती हवेत ओझोन तयार होतो आणि ओझोन साध्या रबराला चिरा पाडतो. त्यामुळे हायपॅलॉन, ईपीडीएम आणि सिलिकोन ही द्रव्ये वापरात आली. हायपॅलॉन घासले गेले तरी टिकते, तेल सोसते, पण फार उष्णता सोसत नाही. सिलिकोन दोनशे अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता पचवते, पण मऊ असते. पत्र्याच्या धारदार कडेवर घासले की लवकर कापले जाते. चांगल्या सिलिकोन वायरीत आवरणाच्या दोन थरांमध्ये काचतंतूंची जाळी विणलेली असते, ती पाहून घ्या.

उष्णतेचा विचार गाडीला मूळचे बिडाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहेत की पातळ नळ्यांचे हेडर, यावर अवलंबून आहे. शेव्हरोलेच्या या मोठ्या इंजिनात प्लग एक्झॉस्टच्या अगदी जवळ असतात. हेडर बसवले की नळ्या प्लगच्या टोकापासून बोटभर अंतरावर येतात आणि जोरात चालवल्यावर काही शे अंशांपर्यंत तापतात. तिथे टोपीचा कोन सगळे ठरवतो. काही प्लगांना काटकोनातली टोपी सोयीची, काहींना १३५ अंशांची, काहींना सरळ. एकाच गाडीत दोन प्रकार लागू शकतात. क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनात प्लग थेट व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध खोल नळीत बसतात. तिथे लांब सरळ टोपीशिवाय गत्यंतर नाही आणि ती टोपी तेलही रोखते. हेडर असलेल्या गाडीसाठी तयार संच घेण्यापेक्षा कापून बसवायचा संच बरा. सुतळी लावून प्रत्येक वायरीची वाट मोजा, इंजिन हलते म्हणून थोडी ढील ठेवा, आणि टोके चिमटण्यासाठी योग्य क्रिम्पिंग पक्कडच वापरा. साध्या पक्कडीने चिमटलेले टोक काही महिन्यांत सैल होते.

कॅपच्या बाजूचे टोकही तपासा. पॉइंटच्या कॅपमध्ये वायर खोबणीत आत शिरते. एचईआयच्या कॅपवर प्लगसारखे बाहेर आलेले खुंट असतात आणि वायरीला त्यावर बसणारी टोपी लागते. दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. शेव्हेलला कुणी नंतर एचईआय बसवले असेल तर कॉइल कॅपमध्येच असते, त्यामुळे नववी वायर राहत नाही. एक जोडीची गोष्ट : मूळ गाडीत कॉइलला जाणारी तार मुद्दाम रोध असलेली आहे, ती कॉइलचे व्होल्ट कमी करते. एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट हवेत, म्हणून ती तार बदलावी लागते. नवीन वायरी घालूनही एचईआय नीट चालत नसेल तर इथे पाहा.

वायरींची मांडणी हा निवडीचाच भाग आहे. शेव्हरोलेचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात नंबरचे सिलिंडर चालकाच्या बाजूला मागे एकमेकांशेजारी आहेत आणि एकामागोमाग पेटतात. त्यांच्या वायरी लांबवर समांतर आणि चिकटून गेल्या, तर पाचच्या वायरीतला झटका सातच्या वायरीत प्रवर्तनाने उमटतो. त्या क्षणी सातचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या अर्ध्या वाटेवर असतो. दाब अजून कमी असतो, म्हणून थोड्या व्होल्टवरही तिथे ठिणगी पडू शकते. ती पडली तर मिश्रण ९० अंश आधी पेटते आणि वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा घाव बसतो. पिस्टन फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून या दोन वायरींमध्ये इतर वायर घाला किंवा सेपरेटरने अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. सगळ्या वायरी सुबक जुडी करून बांधण्याचा मोह आवरा.

काही मालकांना गाडी प्रदर्शनात मूळ रूपात उभी करायची असते. त्यांच्यासाठी तारखेचा शिक्का असलेल्या प्रतिकृती वायरी मिळतात. जनरल मोटर्सच्या वायरींवर तिमाही आणि वर्ष छापलेले असे, उदाहरणार्थ १-क्यू-६९ म्हणजे १९६९ ची पहिली तिमाही. वायर गाडीच्या आधी तयार झालेली असणार, म्हणून गाडीच्या उत्पादनाच्या तारखेआधीची जवळची तिमाही निवडतात. अशा संचात कार्बनचाच गाभा असतो आणि मूळ पॉइंटच्या इग्निशनला तो योग्यच आहे.

जुन्या वायरी टाकण्याआधी मोजा. ओहममीटर लावून प्रत्येक वायरीचा रोध घ्या आणि तो लांबीच्या प्रमाणात येतो का ते बघा. एखादीच इतरांपेक्षा फार वेगळी निघाली किंवा मीटर काहीच दाखवेना, तर ती आतून तुटली आहे. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून दुरून पाहिले तर गळक्या जागी निळसर चमक दिसते. चालू इंजिनातल्या वायरीला हात लावू नका, एचईआय असेल तर मुळीच नाही. दमटपणाने ही गळती वाढते; मुंबईच्या पावसात पद्मिनीची कॅप आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसून गाडी सुरू केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

बदलताना एका वेळी एकच वायर काढा आणि तिच्या जागी नवी लावा, म्हणजे फायरिंग ऑर्डर चुकत नाही. टोपीच्या आत सिलिकोनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस थोडेसे लावा. ओल आत शिरत नाही आणि टोपी प्लगला चिकटून बसत नाही.

रोज चालणाऱ्या, मोड्यूल बसवलेल्या १९६९ च्या शेव्हेलसाठी माझी निवड ही : ८ मिलिमीटरची सर्पिल गाभ्याची, जाळी विणलेल्या सिलिकोन आवरणाची वायर, हेडरच्या मापाने कापलेली, काळ्या रंगाची, आणि कॅपची खोबण ज्या प्रकारची असेल तिला जुळणाऱ्या टोकांची. मोड्यूल मूळ डिस्ट्रिब्युटरमध्येच बसवले असेल तर कॉइलची वायरही याच संचातली घ्या. गाडी मूळ रूपात प्रदर्शनासाठीच असेल तर ७ मिलिमीटरची तारीख छापलेली कार्बनची. दोन्ही बाबतींत कॅप आणि रोटर वायरींबरोबरच बदला.